वतनाची लेखणी, अर्जाची लेखणी

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारजवळ शिरपामाळ नावाचा माळ आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. त्या वाटेवर त्यांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांच्या शिरोभूषणात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, अशी परंपरा आहे. पुढे आठ वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. त्या वेळी सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागल्याचे इतिहासग्रंथ सांगतात. एक घटना माळाच्या नावात राहिली, दुसरी कागदावरच्या आकड्यात. तुऱ्याची गोष्ट जव्हार-मोखाड्यातल्या माणसाने तोंडी जपली आणि ती त्याची झाली. सतरा लाखांचा आकडा मात्र दुसऱ्यांनी मोजला आणि दुसऱ्यांच्या कागदात गेला. या डोंगराळ मुलखाच्या पुढच्या तीन शतकांत हेच पुन्हा पुन्हा घडत आले. भात, नागली, वरई इथल्या माणसाने पिकवली, साग-ऐन त्याने तोडले, गवत त्याने कापले, आणि त्याचा हिशेब मात्र दुसऱ्याने लिहिला. म्हणूनच आज जव्हारचा एखादा मुलगा किंवा मोखाड्याची एखादी मुलगी हिशेबनिसाच्या परीक्षेसाठी नाव नोंदवते, तेव्हा ती नोंदणी केवळ नोकरीची सोय राहत नाही. लेखणी कोणाच्या हातात असावी, या फार जुन्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. हे उत्तर सनदी लेखापालाच्या मोठ्या पदवीपेक्षा मधल्या पायरीच्या, हिशेबतंत्रज्ञाच्या पात्रतेतून आधी मिळेल, असे मला वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठी मुलखात हिशेबाची विद्या फार जुनी आणि फार नेटकी आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक म्हणजे लिहिणाऱ्या कारकुनांसाठीचे वळण. मोडी लिपीही परंपरेने त्याच्याच नावाशी जोडली जाते. शिवकालात राज्याच्या जमाखर्चावर देखरेख करणारा मुजुमदार अष्टप्रधानांत अमात्य म्हणून बसत असे. पेशवाईत फडावर रोजकीर्द लिहिली जाई, तिच्यावरून खतावणी होई, खतावणीवरून तेरीज आणि शेवटी ताळेबंद. जमा, खर्च, वसूल, बाकी, फाजील, दप्तर हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की आज किराणा दुकानातही त्यांच्याशिवाय चालत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालात बांधून ठेवलेले कागद याची साक्ष देतात. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचेच ४५ खंड झाले. पण या विद्येचे एक लक्षण आपल्या रोजच्या नजरेसमोर असूनही आपण ते वाचत नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, मुजुमदार, कुलकर्णी ही आज आडनावे आहेत. काम आडनाव बनले, याचा अर्थ ते काम घरातून घरात जाऊ लागले. मुलगा विद्या घेऊन जन्माला येत नसे, पण ती विद्या वापरण्याचा हक्क मात्र जन्माने घेऊन येई. शिकण्याची जागा म्हणजे वाडवडिलांच्या शेजारची बैठक, आणि त्या बैठकीवर कोणी बसायचे हे घराणे ठरवी.

यावर कोणी म्हणेल की वारशाने माणसे तयारही उत्तम होत होती. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. भानू घराण्याची फडणिशी नाना फडणविसांकडे पोरवयातच आली, आणि राज्याच्या पैशावर त्यांच्याइतकी बारीक नजर असलेला कारभारी अठराव्या शतकात दुसरा सापडत नाही. लहानपणापासून कीर्द डोळ्यांसमोर असली की हात तयार होतो, हे कोणत्याही कसबाला लागू आहे. पण या युक्तिवादाला एक बाजू कमी पडते. वारसा ज्यांना मिळाला त्यांची तयारी आपण मोजतो, आणि ज्यांना बैठकीजवळ फिरकूच दिले नाही त्यांच्यातल्या तयारीची शक्यता मोजत नाही. शिवाय हिशेब ही दोन पक्षांमधली गोष्ट आहे. देणाऱ्याने लिहिलेला आकडा घेणाऱ्याला तपासता आला, तरच त्याला हिशेब म्हणायचे. नाही तर ती एका बाजूने सांगितलेली हकीकत उरते. महात्मा फुल्यांनी हे अचूक ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात काय असावे ते सांगितले, त्यात मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे आणि हिशेब यांना सुरुवातीलाच जागा दिली. शेतकऱ्याच्या मुलाला इतिहास-भूगोलाइतकाच जमाखर्च यायला हवा, ही त्यांची मागणी शाळेच्या वेळापत्रकापुरती नव्हती. कुलकर्ण्याने दाखवलेल्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तो वाचता यावा, हा तिचा गाभा होता.

या संदर्भात १९१८ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद केली आणि गावाचे दप्तर पगारी तलाठ्याकडे दिले. त्याच वर्षी मुंबईत सरकारने हिशेबाची सरकारी पदविका सुरू केली. ती जीडीए या नावाने ओळखली गेली. परीक्षा उत्तीर्ण व्हायची, मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची, आणि मग कंपन्यांचे हिशेब तपासण्याचा परवाना मिळवायचा, अशी तिची रीत होती. या दोन निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एक सामाजिक न्यायासाठी होता. दुसरा १९१३ च्या कंपनी कायद्यानंतर निर्माण झालेल्या व्यापारी गरजेतून आला होता, आणि १९१३ मध्येच मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयही निघाले होते. तरी दोघांनी मिळून एकच दार उघडले. एकीकडे जन्माने मिळणारी लेखणी काढून घेतली गेली, दुसरीकडे अर्जाने मिळणारी लेखणी जन्माला आली. पुढे १९३२ मध्ये लेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्राचे देशभर एकच नियम झाले, १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था कायद्याने उभी राहिली, आणि १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा व कुलकर्णी वतने संपुष्टात आली. तीस-बत्तीस वर्षांत हिशेबाचा हक्क घराण्याकडून परीक्षेकडे गेला. आपण परीक्षांना इतके सरावलो आहोत, त्यांच्या ताणाला इतके कंटाळलो आहोत, की त्यांच्या मागे असलेला हा मोठा बदल आपल्याला जाणवत नाही. अर्जात आडनावाची जागा असते, पण त्या जागेत काय लिहिले आहे यावरून आता प्रवेश ठरत नाही.

हा बदल जव्हार-मोखाड्यापर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला. जव्हार हे संस्थान. राजघराणे महादेव कोळी समाजाचे, आणि १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत त्याचा कारभार वेगळा. मोखाडा ब्रिटिश अमलाखालच्या ठाणे जिल्ह्यात. दोन्हीकडे रयत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. राजा आदिवासी घराण्यातला असला म्हणून त्याच्या प्रजेच्या हाती हिशेब आला, असे झाले नाही. देशावर गावाची लेखणी कुलकर्ण्याकडे होती. इथे रोजच्या जगण्यावर सत्ता चालवली ती सावकाराच्या, जमीनदाराच्या आणि जंगल ठेकेदाराच्या वहीने. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यायची आणि सुगीला वाढीव मापाने परत करायची. पीक उभे असतानाच ते मातीमोल भावाने विकून टाकायचे, त्याला पालेमोड म्हणत. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, सावकाराकडे राबायचे. असा माणूस लग्नगडी. या तिन्ही प्रथांच्या मुळाशी दारिद्र्य होते, पण त्यांना टिकवणारी गोष्ट वही होती. कर्ज किती घेतले, किती फिटले, व्याज कशावर चढले, हे एकाच बाजूला माहीत होते. वारल्याचा अंगठा वहीत होता आणि वही सावकाराच्या पेटीत होती. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी या वन्य जमातींची पाहणी केली आणि १९३९ मध्ये छापलेल्या अहवालात या पिळवणुकीची नोंद केली. इतिहासात या लोकांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यांनी स्वतः लिहिलेले त्यात जवळपास काही नाही.

१९४५ चा वारल्यांचा उठाव हा अन्यायाविरुद्धचा संताप म्हणून आपण वाचतो, आणि तो होताच. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली लग्नगडीची पद्धत आणि वेठ बंद झाली, ही त्याची मोठी कमाई. पण त्या लढ्यातल्या एका मागणीकडे मला हिशेबाच्या अंगाने लक्ष वेधायचे आहे. गवत कापणीची मजुरी पाचशे पौंडांना अडीच रुपये हवी, असे कामगारांनी मांडले. या वाक्यात वजन आहे, दर आहे आणि दोहोंचा गुणाकार आहे. मालक देईल ते घ्यायचे, या रीतीच्या जागी कामगारांनी एक सूत्र ठेवले. सूत्र ठरले की मजुरी कोणालाही मोजता येते, अक्षर न येणाऱ्यालाही. म्हणूनच ते सूत्र मालकांना इतके बोचले असावे. निरक्षर माणसाला हिशेब कळत नाही, हा समज या एका मागणीने खोटा ठरतो. त्याला हिशेब कळत होता. त्याच्याकडे तो लिहिण्याचा, जपण्याचा आणि चार लोकांत पुरावा म्हणून मांडण्याचा अधिकार नव्हता. अधिकार आणि आकलन यांतले हे अंतर भरून काढणे, हे पुढच्या काळाचे काम ठरले.

ते काम सहकाराने अंगावर घेतले. बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने ठाणे जिल्ह्यात १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराला लिलावात जाणारे कूप, म्हणजे तोडीसाठी नेमलेला जंगलाचा तुकडा, तोडणाऱ्यांच्याच संस्थेला मिळावे, ही कल्पना. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेचा कायदा आला आणि त्याखाली एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याऐवजी महामंडळ धान्य आणि वनोपज विकत घेऊ लागले, आणि गावपातळीवर त्याचे काम आदिवासी विविध कार्यकारी संस्थांनी करायचे ठरले. खावटी हा शब्द तोच राहिला, पण ती देणारा बदलला. सावकाराची वही गेली, संस्थेचे दप्तर आले. प्रत्येक दप्तराला मात्र लिहिणारा लागतो आणि तपासणाराही. १९०४ च्या पहिल्या सहकारी कायद्यापासून दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचे आहे. संस्था गावकऱ्यांची, सभासद गावचे, अध्यक्ष गावचा, पण सचिव आणि लेखापरीक्षक बाहेरचे, अशी स्थिती असली की सभासदाची जागा पुन्हा अंगठा देणाऱ्याचीच राहते. अंगठ्याऐवजी सही आली, एवढाच फरक. सहकाराने या मुलखाला मालकी दिली. हिशेब हातात आल्याशिवाय ती मालकी पुरी होत नाही.

इथेच मधल्या पायरीच्या पात्रतेचा विचार करावा लागतो. इंग्लंडमध्ये १९८० मध्ये दोन संस्था एकत्र येऊन हिशेबतंत्रज्ञांची संघटना झाली. सनदी लेखापालाच्या खालची, पण कारकुनाच्या वरची ही जागा तिने नावारूपाला आणली. तिच्या अभ्यासक्रमाला पूर्वीच्या पदवीची अट नाही. कोणीही नाव नोंदवावे आणि पायरीपायरीने वर चढावे. भारतात कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संस्थेने बारावीनंतर करता येईल असा हिशेबतंत्रज्ञाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या जातीची सगळ्यात मुरलेली पात्रता आपल्याच सहकार खात्याची आहे. ती म्हणजे सहकार व लेखा शासकीय पदविका, लोकांच्या तोंडी जीडीसी अँड ए. पदवीधराने अर्ज करायचा, लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षणाबरोबर सहकाराचा इतिहास, तत्त्वे आणि कायदे यांचा अभ्यास करायचा. सहकारी संस्थांच्या कायद्याप्रमाणे ही पदविका असलेला, किमान तीन वर्षांचा लेखापरीक्षणाचा अनुभव असलेला आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान असलेला माणूस प्रमाणित लेखापरीक्षक होऊ शकतो. मराठीची ही अट मला फार मोलाची वाटते. सनदी लेखापालाच्या परीक्षेला इंग्रजी आणि हिंदी ही दोनच माध्यमे आहेत. या पदविकेची उत्तरे मराठीत लिहिता येतात. ज्या भाषेत संस्थेचे सभासद भांडतात, ठराव करतात आणि कर्ज मागतात, त्याच भाषेत त्यांचा हिशेब तपासला जावा, हे या कायद्याने मान्य केले आहे.

याला तीन आक्षेप घेतले जातील आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की साक्षरता पुरे, पदविकेची गरज काय? सभासदाला पावती वाचता आली की फसवणूक थांबेल. पण फसवणूक आता पावतीत फार कमी होते. ती अनुदानाच्या विभागणीत होते, घसाऱ्यात होते, थकीत कर्जाच्या वर्गवारीत होते, दोषदुरुस्तीचा अहवाल वर्षानुवर्षे न देण्यात होते. ती शोधायला शिकलेले डोळे लागतात. दुसरा आक्षेप यंत्राचा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खतावणी आता यंत्र करते, मग हिशेबनीस हवा कशाला? यंत्र बेरीज करते, पण कोणता खर्च कोणत्या खात्यात घालायचा हे त्याला माणूस सांगतो. चुकीची नोंद संगणकातून बाहेर आली की ती अधिक खरी वाटते, म्हणून तपासणाऱ्याची गरज उलट वाढते. तिसरा आक्षेप सगळ्यात टोचणारा आहे. शहरातल्या मुलांनी सनदी लेखापाल व्हायचे आणि आदिवासी मुलांना मधल्या पायरीवर थांबवायचे, हा नव्या रूपातला जुनाच भेद नाही का? मधली पायरी हीच शेवटची ठरवली, तर आहेच. जव्हारमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखा आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्याला कोणत्याही मोठ्या परीक्षेचे दार मोकळे असलेच पाहिजे. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. सनदी लेखापाल झालेला तरुण बहुधा ठाणे-मुंबईत राहील, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. गावातल्या संस्थेचे, बचत गटाचे, ग्रामसभेचे दप्तर ज्याच्या हाती राहणार आहे तो माणूस मधल्या पायरीवरच सापडेल. पाया तिथे घातला गेला की वरच्या पायऱ्यांवर जाणारी मुलेही त्याच घरांतून येतील.

आणखी एक शंका उरते. आपल्यातला शिकलेला माणूसच उद्या नवा सावकार झाला तर? इतिहास या शंकेला हसण्यावारी नेऊ देत नाही. वहीची ताकद ज्याच्या हाती जाते त्याला ती मोहात पाडते, मग तो कोणत्याही समाजाचा असो. म्हणून एका हुशार मुलाला शिकवून भागत नाही. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि वाचू शकणारे दहा, असे तिहेरी कुंपण लागते. कुलकर्णी वतनाची खरी उणीव हीच होती की लिहिणारा, तपासणारा आणि समजणारा गावात एकटाच असे. परीक्षेने मिळणारी लेखणी एकाच्या हाती अडकून राहत नाही, कारण पुढच्या वर्षी दुसरा अर्ज करतो आणि त्याच्याही हाती ती येते. वतनाला वारस असतो, परीक्षेला पुढची तुकडी असते.

आज या मुलखात मोजायला पूर्वी कधी नव्हते इतके आहे. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्रातले नियम २०१४ चे, आणि त्यानंतर आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा अबंध निधी म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येऊ लागला. ग्रामसभेचा कोष ही आता कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळणारे सामूहिक हक्क, रोजगार हमीचे हजेरीपट, बचत गटांची कर्जे, या प्रत्येक ठिकाणी गाव स्वतः पैसा हाताळते. दुसरीकडे दिवाळीनंतर गावे रिकामी होतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे हंगामाआधी उचल मिळते, दर आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपताना मालक हिशेब सांगतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर बंद झाली आहे, पण उचल आणि खर्ची वजा जाता काय उरले हे अजूनही पुष्कळदा एकाच बाजूच्या वहीत असते. एका हातात ग्रामसभेचा कोष आणि दुसऱ्या हातात मालकाने सांगितलेली बाकी, अशा दुहेरी स्थितीत हा मुलूख उभा आहे. कोषाच्या बाजूने तो पुढे सरकायचा असेल, तर प्रत्येक गावात निदान एक लेखणी शिकलेली हवी.

मराठीत उमेदवार हा शब्द उमेद धरणाऱ्या माणसाचा. कचेरीत बिनपगारी बसून काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि त्या बैठकीपर्यंत पोचायलाही कोणाचा तरी वशिला लागे. परीक्षेच्या अर्जावर आज तोच शब्द छापलेला असतो, आणि त्यापुढच्या रिकाम्या जागेत कोणतेही नाव लिहिता येते. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी घरांतली नावे तिथे जितकी अधिक लिहिली जातील, तितका या मुलखाचा हिशेब मुलखाकडे परत येईल. शिरपामाळावर इथल्या राजाने दुसऱ्याच्या शिरावर तुरा खोवला, ती आठवण अभिमानाने जपावी अशीच आहे. तिच्या शेजारी आता इथल्या माणसाने स्वतः लिहिलेली आणि गावाने तपासलेली एक वही हवी.